तीन वर्षांचा प्लॅन

गाडी खडखडत होती म्हणून ती धावतपळत वर्कशॉपात आली होती. बाबा गेल्यावर त्यांची म्हणून एवढी गाडीच तर उरली होती... काउंटरवरचा तरुण उठून गाडीपाशी आला, त्यानं सीटखाली हात घातला आणि स्टीलची पाण्याची बाटली बाहेर काढली.

"हा घ्या तुमचा बिघाड!"

ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. तो बावरला. काही सुचेना म्हणून त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

भिंतीवर पोस्टर होतं – एकदाच पैसे भरा, तीन वर्षं गाडीची काळजी आमच्यावर.

"हा प्लॅन घेऊ का मी?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"महिन्याला किती चालते गाडी? दोनशे किलोमीटर? मग प्लॅनचं काय लोणचं घालायचंय? लागेल तेव्हा या."

गंमत बघा, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात हाच माणूस तो प्लॅन मारायचा! फक्त खोटं बोलताना बिचाऱ्याला डोळ्याला डोळा देववायचा नाही. चष्मा काढून पुसत बसायचा. तिनं ते दुसऱ्याच फेरीत हेरलं.

हो, फेऱ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी गाडीत नवा आवाज.

"आज कुठून येतोय, आवाजबाई?"

"डावीकडून... नाही, उजवीकडून. तुम्हीच बसून ऐका ना!"

मग तो शेजारी बसायचा आणि दोघं लांबची चक्कर मारून यायचे. आवाज कुठला यायला! मागच्या सीटवरची परीक्षेची पुस्तकं बघून एकदा म्हणाला, "तिसऱ्यांदा ना? या वेळी होणार बघा."

आणि झालंच. नोकरी मिळाली, पण गाडीनं दोन दिवस लागतील इतक्या लांबच्या शहरात.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. ओल्या केसांनीच ती काउंटरशी आली. "प्लॅन घ्यायचाय."

"अहो, तो फक्त याच वर्कशॉपात चालतो. आणि तुम्ही तर आता..."

"म्हणूनच म्हणतेय. तुम्ही घ्या म्हणालात तर मी नाही जाणार." तिनं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "एकदा तरी खोटं बोला ना माझ्याशी!"

त्यानं ड्रॉवरमधून फॉर्म काढला. बराच वेळ हातात धरला... आणि परत ठेवून दिला.

"नका घेऊ. त्या पुस्तकांपायी तीन वर्षं जिवाचं रान केलंत तुम्ही. मी अडवलं तर उद्या मलाच माझं तोंड बघवणार नाही."

"आणि मी गेले तर – तुम्हाला काहीच वाटणार नाही?"

"नाही," तो म्हणाला, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. पुसतच राहिला.

तिनं किल्ली उचलली. फाटकातून बाहेर पडताना तिनं नीट कान देऊन ऐकलं. गाडी अगदी सुरळीत चालली होती, कसलाही आवाज नव्हता. मग मात्र तिला रडू आवरेना.