माल लावणारा

ही गोष्ट कुणाच्या कुणाकडून माझ्यापर्यंत आलेली नाही. ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ, देवेश. आणि ज्या दोघांमुळे तो आज जिवंत आहे, त्या दोघांशी मी स्वतः बसून बोललोय.

पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

पण एक सांगतो. देवेश थापा मारणाऱ्यातला नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हाच हसायचा.

आता नाही हसत.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रविवार. आणि रात्र नव्हती बरं का... भर दुपार होती.

देवेश ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो. कंपन्यांमध्ये सर्व्हर बसवून द्यायचं काम करतो. सर्व्हर म्हणजे ऑफिसचा मोठा कॉम्प्युटर, जो लोखंडी रॅकमध्ये ड्रॉवरसारखा आडवा सरकवतात. त्या रविवारी त्याला कल्याण-शीळ रोडला जायचं होतं. रोडपासून आत गोदामांची एक रांग आहे. तिथे औषधांचा एक होलसेलवाला नवीनच आलेला. त्याचा सर्व्हर लावून, चालू करून द्यायचा होता.

संध्याकाळी खडवलीला देवेशच्या मेहुणीच्या मुलीचं बारसं होतं. देवेश काम आटपून कल्याण स्टेशनला येणार, त्याची बायको जया ठाण्याहून तिथे येणार, आणि दोघं मिळून पुढे जाणार, असं ठरलेलं.

"जास्तीत जास्त जेवणाच्या वेळेपर्यंत मोकळा होतो गं," असं सांगून तो निघाला.

सुट्टीचा दिवस. गोदामात एकटा मॅनेजर होता, रत्नदीप नावाचा. डोंबिवलीचाच पोरगा, बडबड्या. त्याने देवेशला चहा पाजला आणि मागच्या कोपऱ्यातलं एक दार दाखवलं. जाड, पांढरं, स्टीलच्या लांब हँडलचं.

"अरे, ही तर कोल्ड रूम आहे," देवेश म्हणाला.

"होती. आमच्या आधी इथे आइस्क्रीमचं गोदाम होतं. गार करायचं मशीन ते घेऊन गेले, खोली राहिली. आमचे शेठ म्हणाले, भिंती जाड आहेत, एक एसी लावला की गार राहील. सर्व्हरला हीच खोली द्या."

तसं बघायला गेलं तर चुकीचं नव्हतं. फक्त खोलीला खिडकी नव्हती. दाराला फटसुद्धा नव्हती. चारही बाजूंनी पत्रा आणि आत फोमचा जाड थर. मध्ये एक काळी उभी रॅक. बाकी खोली अगदी रिकामी.

देवेशच्या मोबाईलला त्या भागात रेंजच नव्हती. म्हणून त्याने रत्नदीपच्या फोनवरून जयाला कळवलं, "पोचलो. काही लागलं तर याच नंबरवर कर."

हा एक फोन त्याने केला नसता तर...

असो.

दोघांनी मिळून सर्व्हर खोक्यातून काढला, उचलला, रॅकच्या पट्ट्यांवर टेकवून आत ढकलला. देवेशने वायरी लावल्या, स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला, आणि बटण दाबलं.

नवा सर्व्हर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा त्याचे सगळे पंखे एकदम जोरात सुटतात. कानाचे पडदे फाटतील असा आवाज. रत्नदीपने कानांवर हात ठेवले.

"मी बाहेर बसतो रे बाबा. लागलं तर हाक मार."

तो गेला. बाहेर पत्र्याचं छत, मे महिन्याचं ऊन. गरम हवा आत यायला लागली, म्हणून देवेशने दार ओढून घेतलं. दाराला आतून उघडायची गोल मूठ होती. ती त्याने आधीच बघून ठेवलेली.

ढप्प.

दार बसलं. बाहेरचा आवाज एकदम कापल्यासारखा बंद झाला.

काम मजेत चाललेलं. डिस्क ओळखल्या गेल्या, तारीख-वेळ लावून झाली. पंख्यांचा आवाजही जरा बसला. तेवढ्यात लाइट गेली.

एसी थांबला. वरची ट्यूब विझली. रॅकच्या तळाशी बॅटरीचा यूपीएस होता, म्हणून सर्व्हर आणि स्क्रीन तेवढे चालू राहिले. त्या निळसर उजेडात देवेश उठला आणि दाराशी गेला.

मूठ फिरवली.

फिरली... आणि फिरतच राहिली. आत काहीतरी तुटलेलं होतं.

त्याने दार वाजवलं. हाका मारल्या. पण इतक्या जाड दारावर हात मारायचा म्हणजे गादीवर मारल्यासारखं. आवाज त्याचा त्यालाच नीट ऐकू येईना.

तरी तो घाबरला नाही. लाइट गेलीय म्हटल्यावर रत्नदीप येईलच बघायला. तोपर्यंत काम उरकून घेऊ. तो परत स्क्रीनसमोर बसला.

खोली तापायला लागली. टी-शर्ट अंगाला चिकटला. घाम डोळ्यांत उतरायला लागला.

सर्व्हर स्वतःच्या तोंडाशी येणारी हवा किती गरम आहे ते मोजत असतो. तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो. देवेशची नजर सहज तिकडे गेली. एसी बंद, म्हणजे आकडा चढत असणार.

आकडा उतरत होता.

चोवीस. एकोणीस. बारा...

देवेशने सर्व्हरच्या पुढ्यात हात धरला. हवा गरम. घामाचा थेंब कोपरावरून खाली पडला.

स्क्रीनवर चार.

'सेन्सर गेलाय,' तो मनात म्हणाला. 'नवाकोरा पीस, आणि सेन्सर गेलाय.'

मग आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं.

हवा गार असली की सर्व्हरला पंखे जोरात फिरवायची गरज नसते. त्यामुळे पंखे हळू होत गेले. अजून हळू. शेवटी त्यांचा आवाजच येईना.

आणि तो आवाज गेल्यावर देवेशला दुसरा आवाज ऐकू आला.

सर्रर्र... धप.

पाठीमागून.

जमिनीवरून खोका ओढावा आणि दुसऱ्या खोक्यावर ठेवावा, तसा.

तो गर्रकन वळला. मोबाईलचा टॉर्च लावला. रिकामी खोली. पांढऱ्या भिंती.

सर्रर्र... धप.

आता डावीकडून.

टॉर्च तिकडे. काही नाही.

सर्रर्र... धप. सर्रर्र... धप.

मध्ये मध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. ओझं उचलताना माणूस घेतो तसा, दमून.

देवेश उठून दाराकडे धावला. आणि मध्येच आपटला.

समोर काहीच नव्हतं. टॉर्चच्या उजेडात दार सरळ दिसत होतं. पण त्याचं कपाळ आणि गुडघे कशावर तरी जोरात आदळले होते. त्याने हात पुढे केला. बोटांना टणक, सपाट काहीतरी लागलं. हात चिकटेल इतकं थंड.

त्याने हात वर नेला. वरपर्यंत तसंच. बाजूला सरकवला. बाजूलाही तसंच.

दाराच्या आणि त्याच्या मध्ये कुणीतरी खोक्यांची थप्पी लावली होती. जी दिसत नव्हती.

सर्रर्र... धप.

आता उजवीकडूनही.

तो मागे सरकला. थप्पी पुढे सरकली. आणि इतका वेळ फक्त मशीनला लागत असलेली थंडी आता त्यालाही लागली. घामाने भिजलेला टी-शर्ट पाठीवर कडक झाला. तोंडातून वाफ निघायला लागली. मागे सरकत सरकत तो रॅकच्या पाठीला टेकला, आणि खाली बसला. पाय लांब करायलाही जागा उरली नव्हती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेरून.

"देवेश! लाइट गेलीय रे, उशिरा येईल म्हणतात. मी जेवायला जातोय. तू येतोस का?"

आवाज लांबून, अस्पष्ट, पण रत्नदीपचाच.

देवेश जीव खाऊन ओरडला, "रत्नदीप! दार उघड! अडकलोय मी!"



मग त्याच्या कानाला लागून, अगदी शेजारून, एक आवाज आला. शांत. म्हाताऱ्या माणसाचा.

"आजून माल लावाचा हाय. तुमी जेवाला जा. मना येल लागंल."

"बरं बरं," बाहेरून रत्नदीप हसला. "लाव निवांत."

पावलं लांब गेली.

देवेशला नंतरचं तुकड्यातुकड्यांतच आठवतं. तो ओरडत राहिला, एवढं आठवतं. पुढे ओठ हलेनात. हाताची बोटं मिटेनात. मग यूपीएसची बॅटरी संपली आणि स्क्रीन विझली. मोबाईल कुठे पडला ते कळलं नाही. पूर्ण अंधार. त्या अंधारात त्याच्या डोक्याच्या वर एक एक खोका चढत होता... आणि तो दमलेला श्वास, न थांबता.

त्याला झोप यायला लागली. गोड झोप. तो सांगतो, सगळ्यात जास्त भीती त्याला आज त्या झोपेची वाटते.

इकडे जया कल्याण स्टेशनवर उभी. देवेशचा पत्ता नाही. त्याच्या नंबरवर फोन लागत नव्हता. वाट बघून बघून तिने सकाळचा तो नंबर लावला.

रत्नदीप जेवून येऊन गोदामाच्या दारात वारा खात बसलेला. "वहिनी, तो आतच आहे. काम चाललंय त्याचं. थांबा, देतो."

फोन हातात धरून तो कोल्ड रूमच्या दाराशी गेला. थाप मारली.

"देवेश, वहिनींचा फोन आहे रे."

आतून उत्तर आलं.

"आजून माल लावाचा हाय. मना येल लागंल."

"ऐकलंत ना?" रत्नदीप हसत फोनमध्ये म्हणाला. "मघापासून आगरी बोलून मस्करी करतोय. मलाही असंच म्हणाला."

जया हसली नाही.

"दादा," ती म्हणाली, "हा माझा नवरा नाहीए."

"अं?"

"हा आवाज देवेशचा नाही. त्याला आगरी येत नाही. आत कोण आहे? दार उघडा. आधी दार उघडा!"

रत्नदीप मला सांगत होता, "दादा, ती तसं म्हणाली आणि माझं हसणंच थांबलं. कारण मी तो आवाज दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा मला तो देवेशचाच वाटला होता."

त्याने हँडल धरलं. हँडलवर दव जमलं होतं. मेच्या दुपारी. लाइट नसताना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा दार सुटलं, आणि पांढरी वाफ त्याच्या पायांवरून बाहेर आली.

आत काहीच नव्हतं. खोली रिकामी. रॅकच्या पाठीला टेकून देवेश पाय पोटाशी घेऊन बसलेला. भुवयांवर बारीक पांढरा थर. ओठ निळे.

रत्नदीपने त्याला काखेत धरून ओढत उन्हात आणला. रिक्षा थांबवून डोंबिवलीच्या एका दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी बोटं बघितली आणि विचारलं, "बर्फाच्या कारखान्यात कामाला आहात का?"



उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं आजही बधिर आहेत. गरम चहाचा पेला धरला तरी त्याला कळत नाही. मी बघितलंय.

पुढे मी आणि देवेश त्या गोदामाच्या मालकाला भेटायला गेलो. काळुराम त्यांचं नाव. तिथलेच. ती सगळी जमीन पूर्वी त्यांचीच भातशेती. अंगणात खुर्ची टाकून बसलेले. आम्ही सगळं सांगितलं. 

"आत अडकून कुणी गेलं होतं का हो? आधी कधी?" मी विचारलं.

 ते देवेशच्या बोटांकडे बघत राहिले.

"मशीन काडून नेल्यावर त्या खोलीचा दार आमी कदी लावला नाय," ते शेवटी म्हणाले. "तुमी लावलाव कशाला?"

मग उठून आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

औषधवाल्यांनी सर्व्हर पुढच्या ऑफिसात हलवला. कोल्ड रूमचं दार बिजागऱ्यांसकट उखडून भंगारात दिलं. खोली आता तशीच उघडी असते, असं रत्नदीप सांगतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलेलं.

मागच्या दिवाळीत देवेशच्या घरी गेलेलो. देवेश खाली गेला होता. जयाने चहा ठेवला आणि अचानक म्हणाली, "भावोजी, एक गोष्ट मी यांना सांगितली नाहीए."

त्या दिवशी रत्नदीपने दार उघडलं तेव्हा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता. चालूच होता. जया कानाला लावून ऐकत होती. रत्नदीपचं ओरडणं, देवेशला ओढत नेल्याचा आवाज, सगळं तिला ऐकू येत होतं.

आणि त्या सगळ्याच्या मध्ये, फोनच्या अगदी जवळून, तोच म्हातारा आवाज. पण आता शांत नव्हता. रडवेला होता. घाईघाईत बोलत होता.

"बाय गो... मना पन न्या. मना पन बाहेर काडा."

मी विचारलं, "मग?"

जयाने गॅस बंद केला.

"मग काय... मी म्हणाले, या," ती म्हणाली. "माझ्या तोंडून निघून गेलं, भावोजी. इतका रडत होता तो."

खाली बिल्डिंगच्या गेटचा आवाज झाला. देवेश परत येत होता.

आम्ही दोघंही जिन्याकडे कान लावून बसलो. पावलं वर येत होती.

एकट्याचीच होती की नाही, ते मी आजही नक्की सांगू शकत नाही.