टिपेत घुसलेलं 'शक्यतो'

छापखान्यातल्या बाइंडरची दोन बोटं कापली गेली त्याला आठच दिवस झाले होते, आणि कंपनीने गुन्हेगार शोधून निरीक्षकबाईंसमोर बसवूनही ठेवला होता. बाईंना असल्या तत्परतेचा तिटकारा होता. तेवीस वर्षं यंत्रांच्या अपघातांची चौकशी करून त्यांना एवढं कळलं होतं, की आयता मिळालेला गुन्हेगार बहुधा सगळ्यात गरीब गाय असतो.

इथे ती एक डिझायनर मुलगी होती.

कागद कापायच्या यंत्राचं दार उघडं होतं, तरी पातं खाली आलं होतं. ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर या कंपनीचं.

"हे वाचा," मुख्य अभियंता म्हणाला. तो मालकांच्या बहिणीचा नवरा. पाठीमागे सगळे त्याला 'सर्वज्ञ' म्हणत. पडद्यावर आकृती होती. चौकोन, बाण, आणि कोपऱ्यात पिवळी टीप: 'दार उघडं असताना पातं शक्यतो खाली येता कामा नये.'

"शक्यतो!" सर्वज्ञ हसला. "यंत्राला शक्यतो कळतं का? प्रोग्रामरने अट गाळली, त्यात त्याचा काय दोष? हिने लिहिलंच तसं."

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"जुन्या बदलांची नोंद?"

"पुसली. फार जागा खात होती."

"कधी पुसली?"

"गेल्याच आठवड्यात. नेहमीची साफसफाई."

साफसफाईला मुहूर्त बरा सापडला, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

डिझायनरला त्यांनी वेगळ्या खोलीत घेतलं.

"'शक्यतो' तुम्ही लिहिलंत?"

"नाही. पण सिद्ध कसं करू? अपघाताच्या संध्याकाळपासून मला कॉम्प्युटरला हात लावू दिलेला नाही."

"ही टीप आणखी कुठे आहे?"

"पाच आकृत्यांत. तेच वाक्य पाचदा कोण लिहिणार? चार आकृत्यांत टीप एकच आहे, जोडलेली. एकीकडे बदलली की चारही ठिकाणी आपोआप बदलते. पाचवी आकृती माहितीपुस्तिकेच्या फाईलमध्ये आहे. तिथे जोडता येईना, म्हणून मी नक्कल चिकटवली. ती हातानेच बदलावी लागते."

"हे कोणाला माहीत आहे?"

"मलाच. अभियंतासाहेबांना सांगायला गेले, तर म्हणाले, टिपांचं पुराण घरी सांग."

मग प्रोग्रामर आला. तो खुर्चीच्या काठावर बसला.

"टिपेत 'शक्यतो' वाचलंत म्हणून अट गाळलीत?"

"टीप मी वाचलीच नाही, बाई. टिपा कोण वाचतो? निरोप आला, माल वेळेत द्यायचाय, दाराची अट पुढच्या खेपेला बघू."

"कोणाचा निरोप?"

त्याने छताकडे पाहिलं. "मला दोन पोरं आहेत."

"बाइंडरला तीन आहेत," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुपारी त्या छापखान्यात गेल्या. यंत्राच्या कडेला माहितीपुस्तिका दोरीने बांधली होती. ती सोडवून त्यांनी पिशवीत टाकली.

चार वाजता मालकांच्या केबिनमध्ये सगळे जमले. बाईंनी आधी सर्वज्ञालाच विचारलं, "पाचही आकृत्या तुम्ही तपासल्यात?"

"अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी. स्वतः, एकेक उघडून. पाचही ठिकाणी 'शक्यतो' आहे."

"लिहून द्या."

त्याने लिहून दिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली. बाईंनी कागद घडी करून ठेवला आणि पुस्तिका उघडून टेबलावर सरकवली.

"ही सहा महिन्यांपूर्वी छापली. ही पाचवी आकृती. यात 'शक्यतो' नाही. सकाळी फाईलही उघडून पाहिली, तिथेही नाही. म्हणजे शब्द मागाहून घुसला, आणि घुसवणाऱ्याने एकाच टिपेत घुसवला. बाकीच्या तीन आपोआप बदलल्या."

"हिनेच केलं असेल!"

"हिला पाचवी टीप वेगळी आहे हे माहीत होतं. बदलायची असती तर तीही बदलली असती. शिवाय स्वतःच्या गळ्यात फास कोण घालून घेतं? प्रोग्रामरने म्हणाल, तर त्याला तो शब्द ढालीसारखा वापरता आला असता. मी ढाल हातात दिली, तरी त्याने घेतली नाही. राहिलात तुम्ही. एक बदललं की सगळं बदलतं, एवढं अर्धवट ज्ञान तुम्हाला होतं, म्हणून न बघताच पाचही ठिकाणी आहे म्हणालात. एकेक उघडली असती, तर पाचवी दिसली असती. आत्ता सहीनिशी खोटं लिहून दिलंत."

मालक पांढरे पडले. "भाऊजी, ताईला मी काय सांगू?"

"अरे, एकच तर शब्द होता," सर्वज्ञ डोळ्यांत पाणी आणून पुटपुटला.

"हो. आणि दोनच तर बोटं," बाई म्हणाल्या. "डोळे पुसा. पोलिसांसमोर रडायला थोडे अश्रू शिल्लक ठेवा."

डिझायनरने पुस्तिका जवळ ओढली आणि आपलं वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

तेवढ्यात प्रोग्रामरने घसा खाकरला. "बाई, तो निरोप यांचाच होता. मी शपथेवर सांगतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"आता सिंह पिंजऱ्यात गेल्यावर शेपूट ओढताय होय? बसा. तुमचाही जबाब व्हायचाय."