मांजरेच्या दरडीतला जबडा

पाणघोड्याचा जबडा आणायला आम्ही तिघं मांजरा नदीवर निघालो होतो. जिवंत पाणघोड्याचा नव्हे. तो बिचारा हजारो वर्षांपूर्वी मेला होता आणि विशाखाच्या म्हणण्याप्रमाणे रेणापूरच्या पुढं, नदीच्या एका दरडीतून थोडंसं तोंड बाहेर काढून पडला होता.

मी अक्षरा, उदगीरला दातांची डॉक्टर. दिवसभर माणसांचे किडके दात पाहून कंटाळा आला की मी मेलेल्या जनावरांचे दात बघत बसते. मृत्युंजयचं लातुरात कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक साडीचा पदर निरखत असतं, तेव्हा हा गल्ल्यावर बसून हत्तीच्या दाढांचे फोटो निरखत असतो. आमच्यात खरी शिकलेली एकटी विशाखा. ती उमरीची, विषय भूशास्त्र. नांदेडच्या एका कॉलेजात ती तासावर शिकवायची. आमच्या ग्रुपचं नाव 'जुनी हाडं'. माझ्या सासूबाईंना अजूनही वाटतं की तो गुडघेदुखीचा ग्रुप आहे.

या वेळी मात्र थट्टेचं काम नव्हतं. विशाखाचे कॉलेजातले तास बंद झाले होते, पीएच.डी. अडकली होती आणि दिवाळीनंतर तिला तलाठी म्हणून रुजू व्हायचं होतं. घरच्यांनी पेढेसुद्धा वाटले होते. तिच्या सरांनी तिला एकच वाट ठेवली होती. नदीत सुटे दात कुणालाही मिळतात, ते चालणार नाहीत. थरात जागच्या जागी बसलेलं काहीतरी आण, म्हणजे त्याचं वय काढता येईल, मग तुझ्या फेलोशिपसाठी मी भांडतो. त्या एका 'काहीतरी'साठी ती सात-आठ वर्षं या दरडी चढत-उतरत होती. गेल्या आठवड्यात एक दरड ढासळली आणि तिनं ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "हाड हाय का दगड?"

मी फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीतला पेशंट तसाच आ वासलेला सोडून ओरडले, "हाड!"

गाडी आम्ही नदीजवळच्या एका वस्तीवर लावली. तिथल्या तुळजाबाईंनी पाणी दिलं आणि आमच्या सामानाकडं पाहिलं. प्लास्टरचे डबे, पोती, बादली, रद्दी, विशाखाचा हातोडा, मृत्युंजयच्या खांद्यावर जाड दोराचं वेटोळं.

"काय नेऊन राहिलाव गं बायांनो?"

"हाडं, मावशी," विशाखा म्हणाली.

"हाडं?" तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "शिकून बी असं करायलाव व्हय?"

पुढची वाट घळीतून होती. दोन्ही बाजूंना घरापेक्षा उंच पिवळ्या मातीच्या भिंती, वर बाभळी, खाली काटे. पावसाळ्यात पाण्यानं कापून काढलेल्या त्या अरुंद वाटेत वारा नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर नुसतं उभं होतं. दोनदा वाट बंद झाली. दोनदा आम्ही मागं फिरलो. एकदा पायाखालची माती सरकून मी घसरत खाली आले आणि प्लास्टरचा डबा छातीशी धरून बसले. मृत्युंजयनं आधी विचारलं, "डबा फुटला न्हाई ना?" असल्या मित्रांबरोबर मी हिंडते!

अखेर नदी दिसली. दरडीचा ढासळलेला भाग खाली पडून पाण्यालगत मातीचा एक कट्टा तयार झाला होता. आणि कट्ट्याच्या मागच्या भिंतीत, करड्या वाळू-गोट्यांच्या थरात, ते होतं.

मी टूथब्रश काढला. हळूहळू माती झाडली, दाढेच्या माथ्यावर पाणी सोडलं, पुन्हा झाडली. दोघं माझ्या खांद्यावरून इतके वाकले होते की त्यांचा श्वास मला कानात ऐकू येत होता. झिजलेल्या दाढेवर हळूहळू एक आकार उमटला. तीन पाकळ्या. तीन पानांचं गवत असतं ना, अगदी तसा.

"तिपान!" मी किंचाळले. "विशाखा, तिपान! बैल न्हाई, हत्ती न्हाई, पाणघोडा हाय हा!"

विशाखानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि ती मटकन खाली बसली. मृत्युंजय त्या कट्ट्यावर अक्षरशः नाचला. मग तिघंही एकदम बोलायला लागलो. हा खालचा जबडा की वरचा? पुढचे दात चार की सहा? इथं तेव्हा केवढं पाणी असेल? डोहात कळप पडून राहत असेल! आमच्या मांजरेत! एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता आणि तिसरा ते खोडून काढत होता. अशा वेळी आम्हाला तहान-भूक लागत नाही आणि आजूबाजूला काय चाललंय तेही दिसत नाही. नदी आम्ही आलो तेव्हापेक्षा गढूळ झाली होती. ते आम्ही तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही त्यावर एक शब्द काढला नाही.

जुनं हाड बिस्किटासारखं असतं. तसंच उपटलं तर हातात भुगा येतो. म्हणून आधी भोवतीची माती कोरायची, मग ओला कागद लावायचा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या पोत्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि सगळं कवच घट्ट झालं की आतल्या हाडासकट उचलायचं. रद्दी एका टोकाला कमी पडली. "दाढेला कागद लागला न्हाई पुरता," विशाखा कुरकुरली. पण मी प्लास्टर कालवलं होतं, ते लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात मीठही टाकलं होतं, आता थांबायला वेळ नव्हता. मग पट्ट्या संपल्या. माझी ओढणी फाडून गुंडाळली, विशाखाचीही गेली. तरी कवचाला चीर पडत होती.

"दोर आत घ्या," मृत्युंजय म्हणाला. "चार वेढे मारू, वरून लेप देऊ. टोकं बाहेर ठेवू. उचलायला मुठी बी होतील!"

"लई भारी!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. कवळीत तार घालतात तसाच प्रकार होता, मला तर तो फारच आवडला. दोर आत गेला, वर लेप बसला आणि मिठाच्या कृपेनं बघता बघता दगड झाला.

खालच्या बाजूच्या लेपाला पाणी उरलं नव्हतं. मृत्युंजय बादली घेऊन कट्ट्यावरून खाली उतरला. पाणी आठ-दहा पावलांवर होतं, मध्ये गुळगुळीत, चकचकीत गाळ. त्यानं एक पाय टाकला. दुसरा टाकला. पाच-सहा पावलं गेला आणि मग पुढचं टाकायला पाय वर आलाच नाही.

"अक्षरा," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी रुतून राहिलोय."

आधी आम्हाला हसू आलं. मृत्युंजयचं वजन आमच्या ग्रुपमधला जुना विनोद आहे. पण तो धडपडला तसा गुडघ्यापर्यंत गेला. आणखी धडपडला, मांड्यांपर्यंत गेला.

"हलू नको!" विशाखा ओरडली.

मी गाळात उतरायला गेले तर माझाच पाय गुडघ्यापर्यंत गेला. विशाखानं मागून कुर्ता धरून मला ओढलं. बाभळीची फांदी टाकली. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. ओढणी टाकावी म्हणून मी गळ्याशी हात नेला. ओढणी प्लास्टरमध्ये!

आणि मग पाणी आलं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. वर कुठंतरी, आम्हाला न दिसलेल्या ढगांतून पडलेला पाऊस आता खाली पोचत होता. लाट नव्हती, आवाज नव्हता. चहाच्या रंगाचं पाणी गुपचूप गाळावर चढत होतं. ते मृत्युंजयच्या मांड्यांना लागलं. कमरेला लागलं.

"मावशीच्या वस्तीवर पळू का?" मी म्हणाले.

"घळीतून जाऊन येईस्तोवर..." विशाखानं चढत्या पाण्याकडं बोट दाखवलं.

मी फोन काढून हवेत धरला. रेंज नाही. इकडं धरला, तिकडं धरला. माणूस इतका हतबल होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं! मला रूट कॅनाल येत होतं, पाणघोड्याची दाढ ओळखता येत होती, आणि दहा हातांवर उभ्या असलेल्या मित्राला बाहेर काढता येत नव्हतं.

"दोर!" मृत्युंजय ओरडला आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. त्याचा चेहरा पडला. "न्हाई, न्हाई. राहू द्या. पाणी उतरल."

पाणी उतरत नव्हतं. ते त्याच्या छातीवर आलं होतं.

मी विशाखाकडं पाहिलं. ती त्या पांढऱ्या गाठोड्याकडं बघत होती. मी काय सांगणार होते तिला? तो हातोडा तिचा होता. सात-आठ वर्षंही तिचीच होती.

तिनं हातोडा उचलला.

पहिला घाव! कवचाचा नुसता टवका उडाला. दुसरा! तिसरा! माझं ते मीठ आता आमच्या जिवावर उठलं होतं. ती दोन्ही हातांनी घाव घालत होती आणि मोठ्यानं रडत होती. "फूट ना! फूट की रं!" मी दोराचं टोक धरून पाय भिंतीला लावून ओढत होते. कड्कन आवाज झाला. कवच दुभंगलं आणि आतलं हाड, हजारो वर्षं शाबूत राहिलेलं हाड, खापरासारखं तुकडे होऊन आमच्या पायांशी सांडलं.

एक वेढा सुटला. दुसरा. तिसरा. चौथ्याला प्लास्टरचा एक गोळा चिकटून बसला तो निघेना. "असू दे! फेक!"

मृत्युंजयच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. पहिली फेक चुकली. दुसरी त्याच्या खांद्यावर पडली. "काखेतून घे! गाठ मार!" दोराचं दुसरं टोक मी दरडीतून बाहेर आलेल्या बाभळीच्या मुळीला आवळलं. "आता मागं रेल! पाण्यावर पड! पाय हळूहळू हलव!"

ओढायला विशाखाचे दोन्ही हात हवे होते. तिच्या उजव्या मुठीत काहीतरी होतं. तीच दाढ, तिपानाची, तुकड्यांतून उचललेली. तिनं एकदा मुठीकडं पाहिलं. मग मूठ उघडली आणि दोर धरला.

आम्ही ओढलं. तो हलला नाही. पुन्हा ओढलं. हात सोलले. पुन्हा! गाळानं एक घाणेरडा आवाज केला आणि एक पाय सुटला. मग दुसरा. बूट, एक मोजा आणि बादली गाळाला अर्पण करून मृत्युंजय कट्ट्यावर येऊन आडवा पडला.

दम खायला वेळ नव्हता. कट्टा खालून विरघळत होता. ढासळलेल्या मातीच्या उतारावरून आम्ही हातापायांवर वर चढलो आणि वळून पाहिलं. कट्टा फुटला. प्लास्टर, पोती, हाडांचे तुकडे सगळं एकदा गोल फिरलं आणि गेलं. पाठोपाठ वाळू-गोट्यांचा तो थरही भसकन खाली आला. ज्या थरानं वय सांगायचं होतं, तो थरच आता राहिला नव्हता.

"माझ्यामुळं गेलं गं तुझं," मृत्युंजय चिखलात बसून म्हणाला.

"पाणघोडा मेलेला होता," विशाखा म्हणाली. "तू जित्ता होतास. गप बस आता."

त्यानं काखेतला दोर सोडवला. चिकटलेल्या गोळ्यानं त्याच्या बरगड्या सोलून काढल्या होत्या. तो गोळा फेकायला त्यानं हात उगारला, आणि मी तो हात धरला. गोळ्याच्या आतल्या बाजूला कागद नव्हता. जिथं रद्दी कमी पडली होती, तिथलं ते प्लास्टर होतं. त्यात एक खोलगट ठसा होता.

ठसा घेणं हा माझा रोजचा धंदा आहे. दुसऱ्या दिवशी उदगीरला दवाखान्यात मी त्या ठशात तेल लावून दातांचं पिवळं प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत तिघंही बेसिनभोवती उभे होतो. बाहेर गाल सुजलेले नागप्पा काका ताटकळत बसले होते. मी हलक्या हातानं दोन्ही भाग वेगळे केले. दीड पाकळी उमटली होती. बाकीची दाढ ठशाबाहेर राहिली होती.

याला शास्त्रात काही किंमत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. थर नाही, जागा नाही, हाड नाही. विशाखाच्या सरांना दाखवावं असंही त्यात काही नव्हतं. दिवाळीनंतर ती तलाठी होणार होती आणि ते आता कुणालाही थांबवता येणार नव्हतं.

मृत्युंजय पुढं वाकला. "डावीकडची हाय का उजवीकडची?"

"डावीकडची," मी म्हणाले.

"येडी हायस का? झीज बघ की, उजवीकडची हाय!" विशाखा म्हणाली. आणि आम्ही सुरू झालो. कागदावर आकृत्या काढल्या, मृत्युंजयनं स्वतःचा जबडा उघडून दाखवला, मी त्यात आरसा घातला.

"डाक्टरीणबाई!" बाहेरून हाक आली. "आमचा बी दात बघा की!"

विशाखा हसली. खूप हसली. हसता हसता कधी रडायला लागली, ते कळलंच नाही. मी तो पिवळा दात पाण्याखाली धुतला, पुसला आणि तिच्या हातात दिला. या वेळी तिनं मूठ उघडली नाही.