टिंबं दिलेली ओळ

झेरॉक्सच्या दुकानातल्या पंख्याने माझी पहिली कादंबरी उडवून लावली.

अख्खी नाही — नवव्या प्रकरणापासून पुढचे पन्नासेक कागद. माझ्या कडेवर चार वर्षांची लेक, खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मामीटर, तापाचं औषध, जादा फ्रॉक, दोन नॅपकिन... मी घराबाहेर पडते ती निम्मा दवाखाना घेऊनच. वाकायला हात मोकळा नव्हता. कागद भिरभिरत गेले आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या पायांशी जाऊन पडले.

तो सरळ फरशीवर मांडी घालून बसला. कानावर लाल पेन्सिल.

"पानांवर आकडे नाहीत," तो म्हणाला.

"घालायचे राहिले."

"मग लावू कसे?"

"मी लावेन हो. तुम्ही नुसते गोळा करा."

"वाचून लावतो ना," असं म्हणून तो खरंच वाचायला लागला!

दोन वर्षं आईलासुद्धा न दाखवलेलं माझं लिखाण... आणि एक परका माणूस, भर सकाळी, फरशीवर. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण मी बघत राहिले. सगळंच बघत राहायची मला खोड आहे. वाचताना त्याची डावी भुवई वर जायची. एका ठिकाणी तो खुदकन हसला. ते ठिकाण मला लांबूनच ओळखू आलं. तिथे हसावं म्हणूनच तर लिहिलं होतं!

"ही तुमची शिवणकाम करणारी बाई भलतीच फटकळ आहे," गठ्ठा ठोकून सारखा करत तो म्हणाला.

"ती कादंबरीत आहे. मी तशी नाही."

"अरेरे."

लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. "तुझ्या कानात पेन्सिल उगवली?"

"हो तर. रोज पाणी घालतो." मग माझ्याकडे वळून, "कुठे देणार हे?"

मी समोरच्या इमारतीतली प्रकाशनसंस्थेची पाटी दाखवली.

"जपून हं. तिथला मुद्रितशोधक फार खडूस आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज दाढी करताना दिसतो आरशात."

तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं आणि मी झेरॉक्सचा गठ्ठा न तपासताच पाकिटात भरला. गॅसचं बटण तीनतीनदा बघणारी मी, त्या दिवशी नेमकी चुकले. त्या चुकीकडे पुढे येतेच.

* * *

कादंबरी लिहिली कशी, तर लेकीच्या दुपारच्या झोपेत. तिच्या वडिलांशी माझं जमलं नाही. वेगळे होऊन तीन वर्षं झाली, मी लेकीला घेऊन आईकडे राहते. ऑफिसातले एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणायचे, कोऱ्या बाजूला लिहायचं. ते संपले की हाताला लागेल तो कागद. लेकीने कूस बदलली की पेन थांबायचं. रोज अर्धं पान, कधी चार ओळी.

चार महिन्यांनी प्रकाशकबाईंचा फोन आला. "घेतोय आम्ही कादंबरी." गॅसवरचं दूध उतू गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते जाऊ दिलं.

मग दर बुधवारी प्रूफं घ्यायला, द्यायला त्या ऑफिसात जाऊ लागले. खिडकीजवळच्या टेबलाशी तो पेन्सिलला टोक काढत बसलेला असायचा. पहिल्याच प्रूफाच्या समासात लाल अक्षरात लिहिलं होतं — 'बाईंनी पान तीसवर ठेवलेला चहा पान बावन्नला उकळतोय. पातेलं शिल्लक आहे का?'

मी खाली लिहिलं — 'बाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. तुमचं कधी नसतं का?'

पुढच्या बुधवारी उत्तर — 'असतं. बुधवारी.'

ते वाचून मी समासाकडे नुसती बघत बसले. आई म्हणाली, "प्रूफ वाचतेस की पंचांग?"

त्यानेच मला खुणा शिकवल्या. कुठे शब्द घुसवायचा, कुठे जागा सोडायची. एकदा मी घाईत एक चांगलं वाक्य खोडलं आणि हळहळले, तेव्हा तो माझ्या खुर्चीमागून वाकला आणि त्या खोडलेल्या वाक्याखाली एकेक टिंब देत गेला.

"ही काय रांगोळी?"

"याचा अर्थ, खोडलं ते चुकून. आहे तसं राहू द्यावं."

"एवढं सोपं?"

"कागदावर सोपं," तो म्हणाला, आणि लगेच सरळ उभा राहिला.

लेक त्याला पेन्सिलकाका म्हणायची. तो हाकेला ओ द्यायचा, पण 'काका' ऐकताना दर वेळी चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

"एवढं काय वाटतं हो काका म्हटल्यावर?" मी एकदा विचारलं.

"काका म्हणजे वडिलांचा भाऊ. मला नाही व्हायचं त्यांचा भाऊ."

मी प्रूफात डोकं घातलं. प्रूफ उलटं धरलंय हे मला दोन मिनिटांनी कळलं.

* * *

नववं प्रकरण सगळ्यात शेवटी आलं, गुरुवारी. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुस्तक छपाईला जायचं होतं. मी पान एकशे सेहेचाळीस उघडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

तिथे छापलं होतं —

'सकाळी सात : एकशे दोन. पाणी दोन घोट. सकाळी नऊ : एकशे तीन. डोळे उघडत नाही. मी चुकीचा डोस तर नाही ना दिला? अकरा : एकशे दोन. हाताची मूठ सोडत नाही. दुपारी एक : एकशे एक. कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. काही करायला नको. नुसतं.'

ही कादंबरी नव्हती. ही माझी तापाची नोंद होती! लेक दोन वर्षांची असताना, आई परगावी गेलेली आणि मी घरात एकटी, तेव्हाची. त्याच कागदाच्या मागे मी पुढे नवव्या प्रकरणाची शेवटची ओळ लिहिली होती. कागद उडाले, त्याने वाचून लावले. कादंबरीतल्या बाईचं मूलही तापाने फणफणलेलं, तेव्हा हेच पान त्याला कथेतलं वाटलं. हीच बाजू वर आली, हिचंच झेरॉक्स झालं.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

"सगळंच तुमचं आहे."

"तसं नाही हो! हे... घरातलं आहे. चुकून आलंय. खरी ओळ मागच्या बाजूला आहे."

"काय आहे ती ओळ?"

"'दिवस कसाबसा सरला. संध्याकाळी ताप उतरला.'"

त्याने पान पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "एवढी फटकळ बाई. आणि नेमक्या याच दिवशी तुम्ही दार लावून घेतलंत?"

"लोक काय म्हणतील? एवढीशी गोष्ट नि घाबरून जीव अर्धा झालेला. वर, कुणी बसायला हवं होतं म्हणे! तिच्या वडिलांकडचे वाचतील. म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो, हिला एकटीला झेपणार नाही."

"झेपलं की. पान त्याचंच आहे."

मी त्याची पेन्सिल ओढून घेतली आणि सगळं पान खोडलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. रेघ वाकडी आली.

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने मान हलवली. "पुस्तक तुमचं. शब्द शेवटचा तुमचा. उद्या बाराच्या आत सही करून आणून द्या." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला मात्र त्या पानामुळेच ही कादंबरी... जाऊ दे."

ते 'जाऊ दे' मी घरापर्यंत डोक्यात घेऊन आले.

* * *

शुक्रवारी सकाळी लेक उठलीच ती कढत अंगाने. मी ऑफिसात फोन करून सांगितलं, मुलीला ताप आहे, मी येऊ शकत नाही. एवढंच.

साडेदहाला बेल वाजली. आईने दार उघडलं.

"कोण हवंय?"

"मी... प्रूफं न्यायला..."

"पेन्सिलकाका!" आतून खोल गेलेल्या आवाजात हाक आली.

"अस्सं. म्हणजे पंचांगवाले तुम्हीच," आई म्हणाली. "या आत. चप्पल बाजूला काढा."

मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. माझे केस विस्कटलेले, गाऊनवर औषधाचा डाग. तो आत आला. पलंगाशेजारी, माझ्या प्रूफांच्या गठ्ठ्यापाशी, फरशीवर मांडी घालून बसला, त्या दिवशीसारखा. मी थर्मामीटर काढला आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "दहा पन्नास. एकशे एक." पाठीमागून पेन्सिलचा आवाज आला. तो लिहून घेत होता.

"अकरा दहा. एकशे एकच."

खर्र खर्र.

लेकीने चादरीतून हात बाहेर काढून त्याचं बोट धरलं आणि धरूनच ठेवलं. तो डाव्या हाताने लिहायला लागला. अक्षर कोंबडीचे पाय! मी हसले. तापाच्या पोरीपाशी बसून हसले मी. असं याआधी कधीच झालं नव्हतं.

"साडेअकरा," मी म्हणाले. "शंभर. उतरतोय..."

तो लिहीत होता, मग एकदम थांबला आणि घाईने काहीतरी खोडलं. मी कागद ओढला. तो माझ्याच प्रूफाचा समास होता, पान एकशे सेहेचाळीस. माझ्या वाकड्या रेघेच्या शेजारी नोंद होती —

'साडेअकरा : शंभर. शेजारी एक माणूस बसला आहे. काही करत नाही. नुसता.'

माणसाची ओळ खोडलेली.

"चुकून लिहिलं," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल. "माझी हद्द समासापर्यंतच. मला कळतं ते."

घड्याळात बाराला पंचवीस कमी. आई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती, आपण ऐकत नाही हे आम्हाला कळावं म्हणून.

मला भीती वाटली नाही असं नाही. मला लेकीच्या शिंकेचीही भीती वाटते. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मी घाबरले होते आणि तरीही एकही डोस चुकवला नव्हता. ते पान माझ्या भित्रेपणाचं नव्हतंच मुळी. आणि ज्याने ते पाहिलं होतं तो काही पळून गेला नव्हता. तो बोट अडकवून माझ्या फरशीवर बसला होता.

"पेन्सिल," मी हात पुढे केला.

आधी माझ्या खोडलेल्या पानाखाली टिंबं दिली. एकेका ओळीखाली. 'कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं' पर्यंत, त्याच्याही खाली. मग समासात गेले. त्याच्या खोडलेल्या ओळीखाली, सावकाश, एक टिंब... दुसरं... तिसरं...

तो पुढे वाकून बघत होता. "दोन्ही ठिकाणी?"

"मुद्रितशोधक ना तुम्ही? नीट बघा."

"बघतोय." तो हळूच म्हणाला. "समासातलं मात्र छापता यायचं नाही."

"छापायचं नाहीच आहे. ठेवायचं आहे."

मी सही केली. तो उठायला लागला तर लेक बोट सोडेना. शेवटी आईच बाहेर आली, पदर खोचत. "द्या इकडे ते कागद. मी नेऊन देते. तुम्ही बसा दोघं. एकदा काय ते नीट बोला, समासात लिहीत बसू नका."

* * *

प्रकाशनाला लहानसाच हॉल होता, चाळीस खुर्च्या. माझं पुस्तक हातात घेतलं तेव्हा ते माझ्या अंदाजापेक्षा हलकं लागलं. सगळं झाल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, झोळीत तान्हं बाळ. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती जागरणं मी चांगली ओळखते.

"एकशे सेहेचाळीस पानावरची ती बाई..." ती अडखळली. "पुढे तिच्या शेजारी कुणी बसलं का हो?"

मी दाराकडे पाहिलं. तिथे तो उभा होता. खांद्यावर माझी लेक गाढ झोपलेली, दुसऱ्या खांद्याला माझा निम्मा दवाखाना, आणि कानावर काहीच नाही. लाल पेन्सिल लेकीच्या मुठीत होती.

"बसलं," मी माइकवर सांगितलं. "आता उठवलं तरी उठत नाही."