कर्नलच्या मयताचे हातमोजे

कणसं सोलता सोलता ऐका. तुमचे हात थांबले की मीही थांबेन. आणि जोएल, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे बाबा. नंतर कुणी दात काढलेले मला खपत नाहीत.

ही हकीकत माझ्या मेहुण्याची, एनॉस टिल्टनची. त्याने मला माझ्याच पिंपांच्या कारखान्यात बसून सांगितली, आणि एनॉसला थाप मारता येत नसे. आयुष्यात तो एकच खोटं बोलला, ते पुढे येईलच. रात्र होती सतराशे शहाऐंशीच्या सात डिसेंबरची, गुरुवारची. कर्नल असाहेल थॅक्स्टर मंगळवारी वारला होता आणि शुक्रवारी सकाळी त्याला पुरायचं होतं. त्याच्या सुनेने एनॉसला एक टोपली दिली आणि म्हणाली, "अंधार पडायच्या आत बारा घरी पोचव. सासऱ्यांच्या नावाला शोभेल असं होऊ दे."

टोपलीत हातमोजे होते. तुम्ही पोरं आता बघत नाही ते, पण तेव्हा मयताचं बोलावणं तोंडी करत नसत. घरी पांढऱ्या मोज्यांचा जोड यायचा. जोड हातात घेतला की जायचंच, मग घरात बायको बाळंत होत असली तरी. आणि जो हात पुढे करील त्याला द्यायचाच, नाही म्हणायचं नाही. वैऱ्यालासुद्धा.

गंमत बघा, हीच पद्धत कर्नलने स्वतः बंद पाडली होती. तेव्हा तो कर्नल नव्हता, धक्क्यावरच्या वखारीचा मालक होता. त्याची गलबतं काकवी आणायची, रम न्यायची, आणि विलायती कापडाचे नि मोज्यांचे गठ्ठे त्याच्याच दुकानात उतरायचे. चौऱ्याहत्तर साली विलायती मालावर बंदी घालायची चळवळ झाली आणि हा गडी सगळ्यांच्या पुढे. तो चळवळीच्या कमिटीचा अध्यक्ष झाला, आणि मयताला मोजे वाटायचे नाहीत असा कायदाच केला. आपल्याच दुकानातले मोजे त्याने पेटीत घालून माळ्यावर चढवले. भित्रा नव्हता माणूस, हे मीही म्हणतो. पण त्याच महिन्यात हेप्झिबा प्रॅटचा नवरा गेला, आणि त्या बाईने खांदेकऱ्यांना घरात शिवून ठेवलेले जुने जोड दिले. ह्याने तिचं नाव वर्तमानपत्रात छापून आणलं. देशाची शत्रू म्हणून! पाव भाजून पोट भरणारी विधवा ती.

दोन वर्षांनी, इंग्रजांशी लढाई जुंपल्यावर, हाच माणूस कर्नल होऊन तिच्या दारात उभा. पलटणीला पोरं हवी होती. तिचा एकुलता एक लेम तिने दिला. कर्नल म्हणाला, "बाई, माझ्या हातून तो परत येईल."

नाही आला. सत्त्याहत्तरच्या जानेवारीत पलटण उत्तरेच्या जंगलातून हात हलवत परतली. गावात सात पोरं कमी होती. कर्नल देवळात उभा राहून म्हणाला, "देवीच्या साथीत गेली. मी स्वतः त्यांना पुरलं, स्वतः प्रार्थना म्हटली." बायका रडल्या. पुढच्या वर्षी तो विधिमंडळावर निवडून गेला.

आणि हेप्झिबा दर हिवाळ्यात एनॉसला गाठायची. एनॉस त्याच पलटणीत सार्जंट होता ना. "एनॉस, माझ्या लेमच्या थडग्यावर झाड कसलं आहे रे?"

"पाइनचं, मावशी. मोठं आहे."

"सावली असेल मग."

दहा वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर. तेवढं बोलून एनॉस घरी यायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही. माझी बहीण... म्हणजे त्याची बायको विचारायची, काय झालं. तो नुसता चुलीकडे बघायचा.

तर, टोपली. थंडी मरणाची होती आणि सकाळपासून बर्फ पडत होतं. पाद्रीबाबा, डॉक्टर, धक्क्यावरचे दोघे गलबतवाले, असं करत एनॉसने घरं उरकली. शेवटचं घर गिरणीवाल्याचं. तो म्हणाला, "म्हाताऱ्याने मरताना आपलाच कायदा मोडला म्हणायचा!" एनॉसने त्याच्याकडे एक पेला सफरचंदाचं सायडर घेतलं आणि परत निघाला. तोवर सात वाजून गेले होते.

पुलापाशी त्याला वाटलं, टोपली जड लागते आहे.

त्याने फडकं उचललं. आत मोजे होते. कंदील धरून मोजले. सात जोड.

सूनबाईंनी जास्त भरले असतील, असं तो मनाशी म्हणाला. पण बारा घरं, बारा जोड, त्याने स्वतः मोजून घेतले होते. तो चालायला लागला. रस्ता स्मशानाच्या दगडी कुंपणावरून जातो, तुम्हाला माहीतच आहे. कुंपणाशी कुणीतरी उभं होतं. टोपी नाही. अंगावर जुना लष्करी कोट.

"कोण?"

हात पुढे आला.

आता तुम्ही म्हणाल, पळायचं. पण बाबांनो, हात पुढे आला की द्यायचं, हे त्या पिढीच्या रक्तात होतं. एनॉसने जोड दिला. कंदिलाच्या उजेडात बोटं दिसली. नखं नव्हती.

चार पावलांवर दुसरा. हात पुढे. त्यालाही नखं नव्हती.

तिसरा. चौथा. बर्फावर पावलं वाजत होती, ती एकट्या एनॉसची. पाचवा... सहावा...

सातवा लेम प्रॅट होता.

एनॉसने जोड पुढे धरला. लेमने घेतला नाही. नुसता बघत राहिला.

"घे ना रे," एनॉस म्हणाला. "लेम... घे."

लेम म्हणाला, "आईला सांगितलंस?"

कंदील विझला.

...

एनॉस कर्नलच्या घरी गेलाच नाही. तडक हेप्झिबाच्या झोपडीवर गेला. ती चरख्यावर निळी लोकर कातत होती. त्याचं तोंड बघून तिने चरखा थांबवला.

"बस. बर्फ झाड आधी."

"मावशी, पाइनचं झाड नाहीये."

तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"थडगंच नाहीये. झोपडी होती. भूर्जाच्या ओंडक्यांची, सालीसकट. दारसुद्धा भूर्जाचंच. सातही जणांना देवी आल्या होत्या, पण... पण जिवंत होते, मावशी. इंग्रज मागावर होते. कर्नल म्हणाला, ही पोरं रांगत मागे आली तर अख्खी पलटण मरेल. दार लाव. बाहेरून अडसर घाल."

"कुणाला म्हणाला?"

एनॉस खांद्यावरचं बर्फ झाडू लागला.

"एनॉस. कुणाला म्हणाला?"

"मला."

तिने चुलीत एक लाकूड सारलं.

"ओरडला का लेम?"

"पाणी मागत होता. मग दार खरवडायला लागले सगळे. आम्ही नदीपाशी पोचलो तरी ऐकू येत होतं."

तिने त्याला मारावं, थुंकावं, असं त्याला वाटत होतं. मला सांगताना तो म्हणाला, तिने थोबाडीत दिली असती ना, तर मी सुटलो असतो. तिने त्याच्या हातातला तो सातवा जोड घेतला. चरख्यावरची निळी लोकर तोडली, दोन्ही मोजे एकत्र बांधले, आणि दार उघडून उंबऱ्याबाहेर बर्फावर ठेवले.

"हे माझ्या पोराचे. त्याला वाटेल त्याला तो देईल. तू जा आता."

"मावशी, मला..."

"जा म्हटलं ना! दहा वर्षं मी त्या सावलीवर जगले, मेल्या!"

शुक्रवारी सकाळी एनॉस खांदेकऱ्यांबरोबर कर्नलच्या घरी गेला. पुढच्या खोलीत शवपेटी होती, झाकण अजून ठोकलेलं नव्हतं. सूनबाई दाराशी पांढरीफटक. रात्रभर खोलीला कुलूप होतं, किल्ली तिच्या कमरेला. खोलीत काही हललं नव्हतं. दारावर ओरखडा नव्हता.

पण कर्नलच्या हातात मोजे होते. मढ्याला मोजे घालत नाहीत, कुणी घातलेही नव्हते. मनगटाशी निळी लोकर, गाठ मारलेली. आणि बोटांची टोकं झिजून आरपार गेली होती. दहाच्या दहा. आत नखं नव्हती.

पाद्रीबाबा म्हणाले, झाकण ठोका. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. एनॉसने मात्र झाकण लावताना एका फाटक्या बोटात अडकलेलं काहीतरी चिमटीत काढून घेतलं.

मरायच्या आधी ते त्याने मला दिलं. हा तंबाखूचा डबा आहे ना, त्यात आहे. जोएल, दिवा जवळ आण. हात लावू नकोस, नुसतं बघ.

हं. पांढरी साल. कागदासारखी पातळ.

आपल्या ह्या वाळूच्या किनाऱ्यावर, वर पाच दिवस चालत गेलास तरी, भूर्जाचं एक झाड दाखव मला.