आत राहिलेले मीठ

दवाखान्यांतील रक्तदाबमापके दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. तंत्रनिकेतनात अंगवळणी पडलेला एक नियम मी कधी मोडला नाही: आकडा विचित्र आला, तर आधी यंत्र तपासावे, मग माणूस. त्यामुळे मुलीचा दाब अवाजवी दिसताच मी मापकाचा पट्टा पत्र्याच्या डब्याभोवती गुंडाळला, हवा भरली आणि पारा स्थिर राहतो का ते पाहिले. राहिला. यंत्रात खोट नव्हती.

माझा धाकटा भाऊ याच दाबाने गेला होता. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या जनुकांची तपासणी करून घेतली आणि आम्हां तिघांना समोर बसवून सांगितले, "मीठ वाढलं, दाब चढला, की हृदय ताणलं जातं आणि एक संप्रेरक सोडतं. मीठ बाहेर टाका, असा मूत्रपिंडांना तो निरोप असतो. तुमच्या घराण्यातलं हृदय हा निरोप फार हळू आवाजात देतं."

"न बोलण्याची खोड इतकी खोलवर गेलीय होय!" माझ्याकडे पाहत ही म्हणाली. मुलगी खळखळून हसली.

त्या दिवसापासून घरातले मीठ बंद झाले. बरणी धुऊन पालथी घातली.

काही दिवसांनी मुलगी जेवता जेवता थांबली. "आई, भाजी खारट झालीये."

"घरात मिठाचा कण नाही. जीभ तपासून घे आधी."

मी चाखली. साफ अळणी.

पुढे तिला भात खारट लागू लागला, मग दूध, मग पाणीसुद्धा. घोटे सुजले. बाहेर चोरून काहीतरी खात असणार, असे मी ठरवून टाकले आणि तिच्या पर्समध्ये हात घातला.

"घ्या झडती, बाबा. काय सापडलं?"

कंगवा आणि किल्ल्या.

तेव्हापासून तिने हट्टच धरला: खाईन तर तुमच्याच हातचे. मी स्वतः शिजवले, स्वतः वाढले, समोर बसून राहिलो. दाब आणखी चढला.

लघवीच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला. "मीठ बाहेर पडतच नाहीये. ते एक वेळ मी समजू शकते. पण आत येतंय कुठून?"

औषध बदलले. पुन्हा बदलले.

त्या दुपारी मी पट्टा बांधला. हवा सोडू लागताच ठोके ऐकू आले; पारा अजून नळीच्या वरच्या टोकाशी होता, जिथे आकडे संपतात.

"किती?"

मी पट्टा सोडू लागलो.

"बाबा, मी खरंच काही खाल्लं नाही हो."

"माहीत आहे ग, बाळा."

ती रडू लागली. मी अंगठ्याने तिचा गाल पुसला आणि, का कोण जाणे, अंगठा जिभेला लावला.

साधे पाणी.

"खारट आहे ना?" तिने विचारले.

"आहे."

ओठावर ओघळलेला थेंब तिने हळूच चाटला आणि माझ्याकडे पाहिले. "हे एकच अळणी लागलं, बाबा."