ठणठणीत दाढेचा पेशंट

मी सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण श्रुतिका मॅडमच्या हाताखाली दात आपण होऊन निघतात. या डोळ्यांनी पाहिलंय. वाणगावच्या एका पोराची दाढ आतूनच म्हणाली, "येऊ का बाई?" मॅडम म्हणाल्या, "ये." आली. पोरगं झोपलेलंच.

तलासरीकडच्या एका पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर बसून मी हे सांगत होतो. मॅडमच्या दातांच्या शिबिराची गाडी मी चालवतो. त्या आत पोरं तपासतात, आणि बाहेरची पळून जाऊ नयेत म्हणून मी तोंड चालवतो. त्या दिवशी समोर संगिता नावाची बाई बसली होती. मांडीवर तिची शितल, पाच-सहा वर्षांची. गाल गच्च सुजलेला, चकाकत होता. संगिताचं लक्ष दाराकडे कमी, घरच्या वाटेकडे जास्त.

"कसली गोष्ट सांगता, बाबा?"

"प्रेमाची."

ती पदराआड हसली. म्हणजे बसली.

तर लाहू सर. कोसबाडच्या पलीकडे एका आश्रमशाळेत शिकवायचे. उंच, सावळे, आणि दात असे, की संध्याकाळी हसले तर बगळे झाडावरून उठून त्यांच्याकडे येत. त्यांना वाटे, आपलाच थवा. मॅडम पहिल्यांदा त्या शाळेत गेल्या तेव्हा सगळी पोरं चिकूच्या बागेत पळाली. उरली एकटी रूपी. सरांची भाची, आई नसलेली, आजीनं – बुधीबाईनं – वाढवलेली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं.

"आधी मामाचं," ती बोटांमधून म्हणाली.

झालं. सर खुर्चीत.

"मला काही होत नाही हो."

"तेच बघायचंय. आ करा."

मॅडमनी आरसा आधी रूपीच्या हातात दिला, तिच्या नखावरून फिरवला... गार लागतो, टोचत नाही. मग म्हणाल्या, "आता तू मोज मामाचे दात." रूपी मोजत होती, मॅडम बॅटरी धरून वाकल्या होत्या, आणि सर आ करून नुसते त्यांच्याकडे बघत होते. पापणी लवत नव्हती.

"डोळे मिटलेत तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"अं–हं," सर म्हणाले. तोंडात आरसा असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

मग रूपीनं स्वतःहून आ केलं. तिची एक दुधाची दाढ किडली होती. मॅडमनी ती तिच्याशी गप्पा मारत मारत भरली, आणि सरांना बजावलं, "पुन्हा दुखली, गाल सुजला, तर त्याच दिवशी आणायचं. उद्या नाही."

"आणि काही झालेलं नसताना आणलं तर?"

"कुणाला?"

"मला."

पुढच्याच आठवड्यात सर डहाणूच्या दवाखान्यात हजर, गाल धरून.

"कुठली दुखते?"

"ही... नाही, ही."

"मघाशी डावा गाल धरला होतात."

"सरकतं हो."

"दात?"

"दुखणं."

मॅडम खाली बघून आरसा पुसत राहिल्या. पुसलेलाच आरसा. "दाढ ठणठणीत आहे," शेवटी म्हणाल्या. "पोरांना रात्री दात घासून झोपवणार असाल, तरच पुन्हा या."

सरांनी मनावर घेतलं. जेवणं झाली की पोरं नळावर रांगेत. ब्रश नसेल त्याच्या हाती चावून मऊ केलेली बाभळीची काडी. मोठ्या मुलींच्या पेटीतल्या मशेरीच्या डब्या रूपीनं हुंगून हुंगून शोधल्या. महिन्याभरात त्या शाळेचा वास एवढा गोड झाला, की हायवेवरचे गुजरातचे ट्रक तिथं वेग कमी करत.

मग सर शिबिरांनाही मदतीला येऊ लागले. मी गाडीच्या आरशात बघायचो. मागे दोघं बसलेले, मध्ये औषधांचं खोकं. बोलणं चालायचं कॅल्शियमवर. एकदा मॅडम हळूच म्हणाल्या, "लाहू, तुमचे सगळे दात पाहिले मी. घर अजून नाही पाहिलं."

सरांनी खिडकीबाहेरच्या शेतांकडे बोट केलं. "भातकापणी होऊ द्या. आईला घेऊनच येतो विचारायला."

कापणी आली. शाळेला सुट्टी लागली, रूपी आजीकडे. आणि तिचा गाल सुजला. बुधीबाईनं केलं ते सगळेच करतात. विळा तापवला, त्यावर रिंगणीच्या बिया, तेलाचे थेंब, आणि पपईच्या देठाच्या नळीतून धूर दाढेवर. खालच्या पाण्याच्या ताटलीत पांढरे पांढरे किडे पडले. ते किडे नसतात, बियांतलेच कण असतात – मॅडमनी सरांना हे सांगितलं होतं. पण आपलं लेकरू शांत झालेलं दिसलं, ताटलीत किडे दिसले, की माणूस सुटतो. सरही सुटले. रूपी झोपली होती.

"उद्या नेऊ," ते म्हणाले.

उजाडलं तेव्हा सूज गळ्याखाली उतरली होती. जीभ वर आलेली, श्वास घरघरत होता. सरांनी मोटरसायकल काढली. मध्ये रूपी, मागे बुधीबाई. वाटेभर सर मागे न बघता विचारत होते, "आई, श्वास चाललाय ना?"

संगिताचा हात शितलच्या पाठीवर थांबला होता. शितल माझ्याकडे बघत होती.

मग काय सांगू... मॅडम दवाखान्याच्या पायरीवरच उभ्या. त्यांनी नुसता हात लावला, आणि सूज ओसरली, डहाणूची खाडी ओसरावी तशी. रूपी उठून बसली, भाकरी मागितली. आणि लग्न असं झालं, की मांडवात वाढायला वाढवणचे सगळे कोळी होड्या सोडून आले. वरातीपुढे रूपीच नाचत होती.

संगितानं श्वास सोडला. "वाचली ना पोर?"

"वाचली की."

"धूर देऊन, एक रात्र थांबूनही?"

"...हो."

"मग आमचंही उतरेल." तिनं शितलला कडेवर घेतलं. "कालच दिलाय धूर. केवढे किडे पडले. उगाच आलो, मजुरी बुडाली."

"अगं, बस जरा. नंबर येईल आता."

"छान होती बाबा तुमची गोष्ट," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.

"थांबा, ताई."

मॅडम दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. हातमोजे घातलेले हात तसेच वर धरलेले.

"खोटं सांगतायत काका," त्या म्हणाल्या. "रूपी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. वाटेत गेली. धूर दिल्यावर तिच्या घरचे एक रात्र थांबले होते, तुम्ही थांबलात तसेच. लग्न झालं नाही. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले, लाहू बाहेर आले नाहीत." त्यांचा आवाज एवढासाही चढला नव्हता. "पोरीला माझ्याकडे द्या."